चारशे सतराचा रिकामा कप्पा

१

चारशे सतराच्या कप्प्यात काहीच नव्हतं.

मॅव्हिस ड्रोबनीनं आधी हात घातला, मग चष्मा लावला, मग पुन्हा हात घातला. चारशे सोळा जागेवर होता, कागदांनी फुगलेला. चारशे अठरा होता, दोरी बांधलेला. मधला मात्र दात पडलेल्या हिरडीसारखा पोकळ. तळाच्या धुळीत फायलीच्या बुडाची चौकोनी खूण तेवढी उरली होती, ताजी, स्वच्छ. म्हणजे फाइल होती, आणि ती कुणीतरी नेली होती.

पोर्ट हॅडनच्या पोलीस संघटनेचा हॉल सरोवराच्या काठावर. त्याच्या तळघरात एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला ही कागदांची खोली. शुक्रवार होता, ईस्टरच्या आधीच्या उपवासांतला. संध्याकाळी अर्धं गाव वर मासळी खायला यायचं, आणि खाली दुपारपासून बटाटे सोलणं चालायचं. जो पोलीस निलंबित असेल त्यानं शुक्रवारी येऊन बटाटे सोलायचे, ही इथली जुनी रीत. सक्ती कुणी करत नसे. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं, एवढंच.

आज बादलीपाशी एकटा इलायस यान्सी बसला होता. चोवीस वर्षांचा, नोकरीत येऊन दोन वर्षं झालेला. मॅव्हिस फाइल शोधत होती ती त्याच्याचसाठी.

सोमवारी सकाळी नऊ वाजता लवादापुढे त्याचं प्रकरण होतं. पाच आठवड्यांपूर्वी क्लेटन पेल नावाच्या न्हाव्याला गाडी उभी करण्यावरून झालेल्या भांडणात यान्सीनं पकडून आणलं, आणि कोठडीत त्या न्हाव्याचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाला, पिळून मोडलंय. यान्सीचा जबाब मॅव्हिसच्या पिशवीत होता, आणि एव्हाना पाठही झाला होता. ‘कोठडीत मी एकटाच होतो. सार्जंट हॅल्वरसन बाहेर टेबलापाशी होते. कैदी उठताना घसरला आणि त्याचं मनगट बाकाच्या लाकडी कडेवर आपटलं.’ खात्याचा ह्यावर विश्वास बसला नव्हता. खात्याला तो कायमचा घरी हवा होता.

मॅव्हिस बारा वर्षं संघटनेचं तक्रारींचं काम पाहत होती. त्याआधी बायकांच्या कोठडीवर होती, मग गस्तीवर. पोलिसावर आरोप आला की त्याच्या शेजारच्या खुर्चीत ती बसायची, आणि जुनी प्रकरणं हे तिचं हत्यार. अमक्यानं हेच केलं तेव्हा पाच दिवस बिनपगारी, मग ह्याची नोकरी का घेता? लवाद असल्या दाखल्यांना मान द्यायचे. गंमत अशी, की शिक्षेचा कागद तीन वर्षांनी फाडायचा, हे शहराकडून करारात लिहून घेतलं ते संघटनेनंच. शहराला विसरायला लावलं, आणि आठवणी मात्र आपल्या लोखंडी कपाटात जपून ठेवल्या. नावानं नाही, बिल्ल्याच्या आकड्यानं लावलेल्या. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर नावावर पडू नये म्हणून.

तिला हवं होतं ह्याच सार्जंटचं, लाइल हॅल्वरसनचं, नऊ वर्षांपूर्वीचं प्रकरण. तेव्हाही कोठडीच होती, आणि तेव्हाही मनगटच. पाच दिवसांवर सुटला होता, आणि सोडवला होता तिनंच. लाइलचा बिल्ला चारशे सतरा. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

कपाटाची किल्ली स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे खिळ्याला. तीही सगळ्यांना माहीत.

“इलायस, आज कुणी आलं होतं का रे खाली?”

“सगळेच येतात, मॅव्हिस. शुक्रवार आहे.”

त्यानं वर पाहिलं नाही. त्याच्या चाकूखालून बटाट्याची साल मघापासून अखंड रिबिनीसारखी उतरत होती. ती तेवढी तुटली.

२

संघटनेचा अध्यक्ष गस मोराविच वर हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता. म्हणजे दुसऱ्यांना मांडायला सांगत होता.

“गस, कपाट उघडलंस?”

“मी? माझे गुडघे बघ. तळघरात उतरलो की वर यायला मला मुक्काम करावा लागतो.”

“लाइलची फाइल नाहीये.”

गसनं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. त्याच्या डोक्यावर भिंतीवर जुना फोटो होता: म्हातारा आर्ने हॅल्वरसन आपल्या मुलाच्या, लाइलच्या, छातीवर स्वतःचा बिल्ला लावतोय. दोघांचे जबडे सारखे, दोघंही हसू दाबताहेत. खाली पांढऱ्या शाईत लिहिलेलं, ‘मे १९८७’. मॅव्हिसनं तो फोटो गेली सात वर्षं रोज पाहिला होता, म्हणून पाहिला नाही.

“बरं झालं,” गस म्हणाला.

“बरं झालं?”

“अगं, सोमवारी ती फाइल टेबलावर ठेवशील आणि लाइलचं नाव चव्हाट्यावर येईल. त्याची दोन वर्षं राहिलीत. सुखानं जाऊ दे त्याला.”

“नाव झाकून देईन.”

“ह्या गावात झाकलेलं आधी दिसतं.” गसनं कपाळ पुसलं. “मी नेली नाही, मॅव्हिस. शपथ घे म्हणशील तर घेतो. पण नेणाऱ्यावर चिडणारही नाही. आठवतंय तुला, आर्ने तेव्हा नोकरीत होता अजून? महिनाभर पोराशी बोलला नाही. एकाच गाडीतून गस्त घालायचे दोघं, आणि काही सांगायचं झालं तर वायरलेसवरून ठाण्याला सांगायचे, की बाबा, ह्याला सांगा डावीकडे वळायला.”

मॅव्हिसला हसू आलं. मग ते मावळलं.

“इलायसचं काय, गस?”

“त्याला वाचवायलाच तर तू आहेस. फाइल नसली तर नसली, तुला बोलता येतं.”

तिला बोलता यायचं. नऊ वर्षांपूर्वीही आलं होतं.

३

चार वाजता संघटनेचा वकील फेल्डकँप ह्याचा फोन आला. माणूस गोड, पण कायम घाईत. गाडीतून उतरता उतरता पुढच्या गाडीत बसणारा.

“तो दाखला मिळाला का? हॅल्वरसनचा? ‘एच’च्या खणात बघितलंस?”

“सहा वर्षं झाली तुला इथे येऊन. त्या कपाटात नावानं काही नसतं. बिल्ल्याच्या आकड्यानं असतं.”

“असं होय? मला वाटायचं, मला सापडू नये म्हणून तूच अशी लावून ठेवलीस.”

“तुला सापडू नये म्हणून मला काही करावं लागत नाही, फेल्डकँप.”

तिनं फोन ठेवला, कोट घातला आणि धक्क्याकडे निघाली. मार्च असूनही सरोवराच्या कडेचा बर्फ सुटला नव्हता. मधलं पाणी काळं, काठचं पांढरं. लाइलची गाडी नेहमीच्या जागी उभी होती. काच खाली करून तो कॉफी पीत होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, आणि डोळ्यांखाली महिन्याभराचं जागरण.

ती शेजारी बसली. “तुझी फाइल गेली, लाइल.”

“गस म्हणाला.”

“लोक म्हणतील तू नेलीस.”

“लोकांना शुक्रवारी मासळीबरोबर काहीतरी तोंडी लावायला लागतंच.” त्यानं काचेवरची वाफ पुसली. “मला न्यायची असती तर नऊ वर्षं कशाला थांबलो असतो? कुठल्या खणात हात घालायचा ते मी झोपेत सांगेन.”

“इलायसचा जबाब वाचलास?”

“वाचला.”

“काय वाटतं?”

त्यानं कॉफी खाली ठेवली आणि काळ्या पाण्याकडे पाहिलं. दोन हिवाळ्यांपूर्वी इथेच एक गाडी घसरून बर्फाखाली गेली होती. नुकता भरती झालेला यान्सी मागचा पुढचा विचार न करता आत उतरला, आणि लाइलनं बर्फावर पालथं पडून, पट्ट्याला पट्टा बांधून त्याला ओढून काढलं. तेव्हापासून तो मुलगा लाइलकडे असा बघायचा, जसं उन्हाकडे बघावं, डोळे किलकिले करून.

“चांगला पोरगा आहे,” लाइल म्हणाला. “तू आहेस ना त्याच्या बाजूनं. तू मला नाही का सोडवलंस?”

आणि उजव्या हाताचा तळवा त्यानं मांडीवर घासला. एकदा, दोनदा, तीनदा. काही पुसायचं राहिल्यासारखा.

४

पेलचं केशकर्तनालय धक्क्यापासून चार चौक वर. मॅव्हिसनं तिथे जाणं रीतीला धरून नव्हतं. तक्रार करणाऱ्याला संघटनेनं भेटू नये. बारा वर्षांत ती एकाही तक्रारदाराला भेटली नव्हती. त्यांची हाडं तिनं कागदावरच पाहिली होती.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. क्लेटन पेल उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्याला टांगून डाव्या हातानं आरसा पुसत होता.

“बसा. केस कापता येणार नाहीत, खुर्ची देता येईल.”

“मी संघटनेकडून—”

“ओळखतो. तुमचा फोटो पेपरात येतो. नेहमी कुणाच्यातरी शेजारी बसलेला.”

ती बसली. आरशात तिला दोघंही दिसत होते.

“मला काही मागायचं नाही, मिस्टर पेल. तुम्ही जबाबात लिहिलंय, कोठडीत दोघं होते. खातं म्हणतं एकच होता.”

“माझं तोंड भिंतीकडे होतं, बाई. पण मी तीस वर्षं लोकांच्या पाठीमागे उभा राहून काम करतोय. पाठीमागे किती माणसं आहेत हे मला कळतं.” त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. “एकानं पिळला. दुसऱ्यानं पाणी आणून दिलं. पाणी देणाऱ्याचा हात इतका थरथरत होता, की निम्मं माझ्या शर्टावर. ते एकाच माणसाचे हात नव्हेत.”

“आणि मग?”

“मग काय? दोन तास त्या सिमेंटच्या ओट्यावर बसून राहिलो. दुखण्यापेक्षा थंडी जास्त आठवते.”

“सिमेंटच्या?”

“का? तुमच्याकडे गाद्या असतात?” तो पहिल्यांदा हसला, पण हसू पुरतं नव्हतं. “डॉक्टर म्हणतात, कात्री धरता येईल. वस्तऱ्याचं सांगत नाहीत. माझ्या बापाचा वस्तरा आहे तो.”

मॅव्हिस उठली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडात एकच शब्द अडकून बसला होता. लाकडी. बाकाच्या लाकडी कडेवर.

नवीन ठाणं होऊन पाच वर्षं झाली. त्या कोठड्यांत भिंत सिमेंटची, ओटा सिमेंटचा. दात कोरायला काडी हवी असली तरी तिथे लाकूड मिळणार नाही.

५

परतीच्या वाटेवर ती हळू चालली. रस्त्याच्या वळणावर तळणीचा वास यायला लागला.

लाकडी बाक होता तो जुन्या ठाण्यात, रेल्वेफाटकाजवळच्या. ओकचा, कडा बसून बसून गुळगुळीत झालेला. ती इमारत पाडली तेव्हा यान्सी नोकरीत आलाही नव्हता. त्यानं तो बाक पाहिलेला नव्हता. म्हणजे जबाबातलं वाक्य त्याचं नव्हतं. डोळे मिटले की ज्याला अजून जुनीच कोठडी दिसते, अशा कुणीतरी ते त्याच्या तोंडी घातलं होतं. आणि मॅव्हिसनं ते वीसदा वाचूनही तिला खटकलं नाही, कारण तिलाही डोळे मिटले की तोच बाक दिसायचा.

पण एवढंच नव्हतं. त्या वाक्याला एक ओळखीची चाल होती. लहानपणी आई म्हणायची त्या गाण्यासारखी, शब्द विसरले तरी कानात राहिलेली.

हॉलमध्ये रांग दारापर्यंत आली होती. लोकांमधून वाट काढताना तिची नजर फोटोवर गेली आणि ह्या खेपेला तिनं तो पाहिला. आर्ने बिल्ला लावतोय. मे १९८७.

लाइलचं जुनं प्रकरण १९८५चं.

ती तिथेच उभी राहिली. मागून कुणी म्हणालं, “मॅव्हिस, रांगेत आहेस की फोटोत?” तिनं ऐकलं नाही. १९८५ साली आर्ने नोकरीत होता. चारशे सतरा त्याच्या छातीवर होता. एक बिल्ला एका वेळी दोन छात्यांवर कसा असेल? मग त्या साली लाइलच्या छातीवर कोणता होता?

जिना उतरता उतरता तिला तो आठवला. आठशे बासष्ट. सर्वांत खालचा खण. तो कुरकुरत उघडला आणि फाइल तिथे होती, शांत, धुळीनं माखलेली, नऊ वर्षं कुणी न उठवलेली. तिनं दोरी सोडली.

पहिलाच कागद जबाबाचा कच्चा मसुदा. ‘कैदी उठताना घसरला आणि त्याचं मनगट बाकाच्या लाकडी कडेवर आपटलं.’

अक्षर मॅव्हिसचं होतं.

६

करारानं पोलिसाला जबाबाआधी दोन दिवस मिळतात. विचार करायला, मन थाऱ्यावर आणायला. त्या दोन दिवसांत, नऊ वर्षांपूर्वी, ती लाइलबरोबर ह्याच खोलीत बसली होती. तिनं विचारलं होतं, घसरला असेल ना तो? लाइल गप्प राहिला होता. आणि त्या गप्प राहण्यावर तिनं हे वाक्य बेतलं, शिवणकाम बेतावं तसं. कागदाच्या तळाशी तक्रारदाराचं नाव होतं: वॉल्टर टिबो, होड्या रंगवणारा. मनगट डावं. त्याचं पुढे काय झालं, तिनं कधी विचारलं नाही.

तिनं डोळे पुसले आणि मग, सवयीनं, डोकं चालवायला लागली.

चोरानं चारशे सतराचा कप्पा रिकामा केला. म्हणजे त्याला वाटलं, लाइल पहिल्यापासून चारशे सतराच होता. लाइल स्वतः असं कधीच समजला नसता. तो म्हणालाही, कुठे हात घालायचा ते झोपेत सांगेन. गसला माहीत होतं की तेव्हा आर्ने नोकरीत होता, दुपारीच बोलला. मॅव्हिस सवयीनं चुकली खरी, पण गसची आठवण ताजी होती. फेल्डकँपला तर कपाट आकड्यानं लावतात हेच ठाऊक नव्हतं.

मग कपाट आकड्यानं लावतात हे कुणाला माहीत? किल्ली कुठे हे कुणाला माहीत? आणि १९८७च्या आधीचं खातं कुणी पाहिलं नव्हतं?

ती उठून स्वयंपाकघरात गेली. यान्सी शेवटची बादली निथळत होता. कढईचा आवाज एवढा होता की बोललेलं दोघांपलीकडे जाणार नव्हतं.

“कुठे ठेवलीस, लेकरा?”

त्यानं विचारलं नाही काय ते. “गाडीत. डिकीतल्या जादा चाकाखाली.”

“वाचलीस?”

“दोरीसुद्धा सोडली नाही.” त्यानं हात एप्रनला पुसले. “वाचली असती तर मला कळलं असतं. मला कळायला नको होतं.”

“फायलीचं तुला कुणी सांगितलं?”

“सार्ज म्हणाले, मॅव्हिसनं मला ह्यातूनच सोडवलं, तुलाही सोडवेल. मी म्हटलं, म्हणजे कागद आहे. सोमवारी तुम्ही तो दाखवला असता. दोन मनगटं शेजारी ठेवली असती तर शेंबडं पोरही म्हणालं असतं, हात एकच आहे.”

“आणि तो दाखला नसता तर तुझी नोकरी गेली असती.”

“माझं वय आहे अजून. ट्रक चालवीन.” त्यानं चाकू पुसून ठेवला. “त्यांनी मला पाण्यातून काढलं, मॅव्हिस.”

“आणि तू पेलला पाणी दिलंस.”

त्याचा चेहरा एकदम लहान झाला. पाच आठवडे कुणी त्याला हे विचारलं नव्हतं.

“सांडलं सगळं,” तो म्हणाला.

तिनं त्याला स्टुलावर बसवलं आणि स्वतः त्याच्या बादलीतला एक बटाटा घेऊन सोलायला लागली. काहीतरी हातात असल्याशिवाय पुढचं सांगता येणार नव्हतं. “ऐक. जबाब लवादापुढे जाईपर्यंत बदलता येतो. खोट्याबद्दल तुला शिक्षा होईल, दहा-पंधरा दिवस. ती मी तुझ्याबरोबर घेईन, कारण ते वाक्य माझं आहे. मी तुझ्यासाठी भांडेन, लाइलसाठीही भांडेन. पण माणसासाठी. बाकासाठी नाही.”

“तो बाक होता का खरंच कुठे?”

“होता. मी त्यावर एका माणसाला पाडलं होतं, न बघता.”

मग ती त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेली. चोरलेली फाइल पातळ होती. म्हाताऱ्या आर्नेची. १९५३ सालची. मागच्या दिव्याच्या लाल उजेडात तिनं दोरी सोडली, आणि वाचता वाचता गाडीला टेकून खाली बसली.

७

शनिवारी सकाळी नऊ वाजता लाइल धक्क्यावर होता. मॅव्हिसनं दोन्ही फायली त्याच्या मांडीवर ठेवल्या.

त्यानं आधी आठशे बासष्ट उघडली, आणि मिटली. “पोरानं सांगितलं?”

“बाकानं सांगितलं. नवीन कोठडीत लाकूड नाही, लाइल.”

तो हसल्यासारखा झाला. “तीन वेळा त्याच्याकडून घोटून घेतलं मी ते. मला दिसतच होता तो बाक.” मग मिटलेल्या फायलीवर हात ठेवून, “माझा हात माझ्या आधी जातो, मॅव्हिस. पेल मला काहीतरी बोलला. काय बोलला तेही आठवत नाही. फक्त तो आवाज आठवतो, काटकी मोडल्यासारखा. मी त्याच्याकडे नाही, पोराकडे पाहिलं. पोरगा पाणी आणायला धावला. तिथेच मला कळलं, की हा माझ्यासाठी खोटं बोलेल.”

“आणि तू बोलू दिलंस.”

“दिलं.”

पाण्यावर एक बदक उतरलं, बर्फाच्या कडेवर घसरलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात उभं राहिलं. तेवढा वेळ दोघांना मिळाला.

“दुसरी उघड,” ती म्हणाली.

त्यानं उघडली. आत आर्नेचा जबाब, पेन्सिलीनं लिहिलेला, तीन ओळींचा. ‘मी त्याला मारलं. तो पडला नाही. मला राग आला होता.’ त्याखाली शिक्षा, तीस दिवस. आणि त्याला टाचणीनं लावलेली एक चिठ्ठी, तेव्हाच्या अध्यक्षानं स्वयंपाकघराला लिहिलेली. ‘हॅल्वरसनला शुक्रवारी खाली बोलवा. घरी एकटा बसू देऊ नका. बटाटे सोलायला द्या.’

लाइलनं चिठ्ठी दोनदा वाचली.

“आम्हाला सांगितलं होतं, पप्पांची पाठ धरलीय,” तो म्हणाला. “मी नऊ वर्षांचा होतो. घरातून बाहेर पडताना कमरेवर हात ठेवून वाकून चालायचे.” त्यानं चिठ्ठी पुन्हा टाचणीला लावली. “त्यानंतर चौतीस वर्षं नोकरी केली त्यांनी.”

“आणि मग तोच बिल्ला तुला लावला.”

“मला वाटायचं, माझ्या प्रकरणात ते बोलायचे बंद झाले ते मी पकडला गेलो म्हणून.”

मॅव्हिसनं दार उघडलं. थंडी आत आली. “करारानं प्रत्येकाला दोन दिवस मिळतात. आत्ता नऊ वाजलेत. सोमवारी नऊ वाजता इलायस खरं सांगणार, तू सांग किंवा नको सांगू. पण तू आधी लिहिलंस तर मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत असेन. तू लिहायचं. मी एक शब्द सुचवणार नाही.”

“आणि गस?”

“गस आधी ओरडेल. मग खुर्च्या मांडायला सांगेल.”

८

गस ओरडला, आणि बराच ओरडला. रविवारी संध्याकाळी त्यानं मॅव्हिसकडून तक्रारींच्या कामाचा राजीनामा घेतला. तो तिनं आधीच लिहून आणला होता. सोमवारी शेवटचं म्हणून ती बसली, यान्सीच्या डाव्या बाजूला. लवादानं नवा जबाब वाचला आणि वाक्य कोणी बेतलं होतं ते तिनं स्वतः सांगितलं. यान्सीला बारा दिवस बिनपगारी. नोकरी राहिली. टेबलापलीकडे क्लेटन पेल बसला होता. निघताना तो यान्सीपाशी थांबला. “पुढच्या वेळी पेला निम्माच भरा,” म्हणाला. माफी होती की नव्हती, कुणाला ठरवता आलं नाही.

लाइलची खुर्ची त्या सकाळी रिकामीच राहिली. तो आला नव्हता. एक बंद पाकीट मात्र आलं होतं, आणि खात्याच्या माणसांनी ते मॅव्हिसला वाचू दिलं नाही.

शुक्रवारी दुपारी ती हॉलच्या तळघरात उतरली. बादलीपाशी दोन स्टुलं होती, एकावर यान्सी. जिन्यावरून येणारेजाणारे पोलीस आज तिच्याकडे न बघता जात होते. वीस वर्षांची ओळख कोटाच्या कॉलरमध्ये लपवून. ती बसली आणि चाकू घेतला. एप्रनच्या खिशात टिबोचा पत्ता होता, टेलिफोनच्या वहीतून शोधून काढलेला. उद्या सकाळी जायचं होतं. काय म्हणायचं ते ठरत नव्हतं.

“तुमची साल जाड निघते,” यान्सी म्हणाला.

“मी कागदावर काम केलंय आयुष्यभर. तू शिकव.”

तिसऱ्या बादलीच्या वेळी जिन्यावर जड पावलं वाजली. गस होता, कण्हत, एका हातात स्टूल घेऊन. त्या गुडघ्यांनी स्वतः उतरून आलेला. त्यानं स्टूल बादलीपाशी आपटलं, कुणाशी बोलला नाही, आणि पुन्हा एकेक पायरी चढून गेला.

त्याच्यामागे लाइल उभा होता. साधा स्वेटर. छातीवर काही नव्हतं, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नसल्यासारखं दिसत होतं.

“किती दिवस?” मॅव्हिसनं विचारलं.

“चौकशी संपेपर्यंत. मग बहुधा कायमचे.” त्यानं बाह्या वर सारल्या. “तीनच ओळी लिहिल्या मी. पप्पांसारख्या.”

कढईत तेल तापायला लागलं होतं. यान्सीनं पायानं तिसरं स्टूल जरासं पुढे सरकवलं. लाइल बसला. मॅव्हिसनं आपला चाकू उलटा धरून, मूठ त्याच्याकडे करून, पुढे केला, आणि स्वतःसाठी खणातून दुसरा काढला.

वर गाव जेवायला यायला अजून दोन तास होते. बटाटे पुष्कळ होते.